कराराचे शेवटचे पान

सांगलीच्या विश्रामबागेतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ पासून ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, तेव्हा हे काम येणारी माणसे देशात जवळजवळ नव्हती. विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकामार्फत जाणकार आणले गेले आणि ऑगस्ट १९४१ मध्ये तिथून पहिले विमान उडाले ते हार्लो, म्हणजे शिकाऊ वैमानिकांचेच. दहाच वर्षांनी, ऑगस्ट १९५१ मध्ये, त्याच कारखान्याने एचटी-२ हे भारतीय आराखड्याचे शिकाऊ विमान उडवले. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे हे आपल्या कोल्हापूरकडचे. १९५९ मध्ये घानाचे हवाई दल उभे राहू लागले, तेव्हा तिथे शिकवायला भारतीय प्रशिक्षक गेले. एचटी-२ विमानेही त्या दलाने वापरली. वीस वर्षांत शिकणारा शिकवणारा झाला. आज सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या उड्डाण प्रशिक्षकापुढे परदेशातला दोन-तीन वर्षांचा करार येतो आणि पगाराचा आकडा ऐकून घरचे हरखून जातात, तेव्हा हा इतिहास कुणाच्या डोक्यात नसतो. तो असायला हवा. करारावर आणलेल्या शिक्षकाची नोकरी जितकी चोख करावी तितकी लवकर संपते, कारण त्याने घडवलेली माणसेच त्याची जागा घेतात. म्हणून अशा नोकरीचे मोल पगारावरून करू नये, ती कशी संपणार यावरून करावे.

या व्यवहाराचा एक जुना नमुना सांगलीच्या शेजारीच, तासगावकर पटवर्धनांच्या इतिहासात सापडतो. १७९० मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेसाठी मुंबईकर इंग्रजांनी कॅप्टन लिटलच्या हाताखाली दोन पलटणी परशुरामभाऊंच्या मदतीला दिल्या. त्या जयगडला उतरल्या, आंबा घाट चढून वर आल्या आणि भाऊंच्या फौजेबरोबर धारवाडच्या वेढ्याला बसल्या. त्यांच्यातल्या एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने १७९४ मध्ये या मोहिमेचा वृत्तांत छापला. मराठ्यांच्या तोफखान्याचे त्याने केलेले वर्णन मासलेवाईक आहे. तोफ ठासून झाली की गोलंदाज खाली बसत, अर्धा तास चिलीम ओढत गप्पा हाणत, मग बत्ती देत. समोर धूळ उडाली की काम फत्ते समजून पुन्हा बैठक मारत. दुपारी जेवणवेळेला तर दोन्हीकडचा मारा जणू ठरवून थांबे. मूर कंपनीचा नोकर, तेव्हा त्याने लावलेले तिखटमीठ वजा करूनच हे वाचावे. पण धारवाड हाती यायला १७९१ चा एप्रिल उजाडला हे खरे, आणि त्या काळच्या दरबारांना कवायत शिकवणारा माणूस का हवासा वाटे, हेही यातून उमगते. मुद्दा लिटलच्या माणसांचा आहे. ती भाऊंच्या छावणीत राहिली, पण नोकर मुंबईचीच होती आणि मोहीम आटोपल्यावर मुंबईला परतली. आजच्या भाषेत ही प्रतिनियुक्ती. घानाला गेलेले, किंवा इराकमध्ये अनेक वर्षे वैमानिक घडवणारे भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षक याच जातीचे: तिकडे काहीही झाले तरी इकडची जागा शाबूत.

दुसरी जात खासगी कराराची, आणि तिचा सर्वांत हुशार मानकरी म्हणजे बेन्वा द बॉयन. सॅव्हॉयमधल्या शाँबेरीचा हा माणूस १७८४ च्या सुमारास महादजी शिंद्यांच्या चाकरीत शिरला. दोन पलटणी उभ्या करायच्या, स्वतःला महिना हजार रुपये आणि प्रत्येक शिपायामागे ८ रुपये, असा ठराव झाला. त्याने शिपायाला साडेपाच दिले आणि उरलेल्यातून अधिकारी व सरंजाम भागवला. पगाराचा आकडा मोठा होताच, पण त्याची खरी अक्कल बाकीच्या अटींत दिसते. इंग्रजांविरुद्ध लढणार नाही, हे त्याने आधीच सांगून ठेवले. महादजींनी फौज वाढवायला नकार दिला, तेव्हा तो सरळ लखनौला जाऊन व्यापार करू लागला. १७९० मध्ये बोलावणे आले ते त्याच्या अटींवर. पगार दरबाराच्या मर्जीवर राहू नये म्हणून त्याने फौजेच्या खर्चासाठी अलीगढकडचा मुलूख लावून घेतला. त्याच वर्षी पाटण आणि मेडत्याच्या लढाया त्याच्या कंपूने मारल्या. १७९४ मध्ये महादजी वारले आणि दोनच वर्षांत हा गृहस्थ सुमारे चार लाख पौंडांची माया घेऊन मायदेशी निघून गेला. १८३० मध्ये तो शाँबेरीत, आपल्या घरी मेला.

त्याच्या मागून आलेल्यांना पगार तसाच होता, परतीची वाट मात्र प्रत्येकाला नव्हती. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना चाकरी सोडण्यासाठी आमिष दाखवले. शिंद्यांचा सेनापती पेराँ स्वतःच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. होळकरांकडे व्हिकर्स होता, ज्याच्या पलटणींनी १८०२ मध्ये हडपसरची लढाई जिंकून दिली होती. इंग्रजांशी लढायला नकार दिला म्हणून १८०४ मध्ये त्याच्यासह तीन अधिकाऱ्यांची डोकी उडवण्यात आली. बॉयनने पहिल्याच दिवशी जे बोलून घेतले होते, तेच यांच्या गळ्याशी आले. मालकाच्या बाजूने पाहिले तर हिशेब आणखी वाईट. १ नोव्हेंबर १८०३ ला लासवारीत शिंद्यांचे शिपाई बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांविना असे लढले की जनरल लेकनेही त्यांची वाखाणणी केली. शिकवणी पक्की झाली होती. पण जवळपास वीस वर्षांत शिकवणाऱ्याच्या जागी बसेल असा आपला अधिकारी शिंद्यांनी घडवला नव्हता. बंगळूरने दहा वर्षांत जे साधले ते शिंद्यांच्या उज्जैनने का साधले नाही, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांनी मराठ्यांनी गनिमी कावा सोडायला हवा होता का या वादापेक्षा जास्त चघळायला हवा होता.

यावर कोणी म्हणेल, हे भाडोत्री लढवय्ये होते. मुलकी उड्डाणशाळेत विद्यार्थ्याला विमान उतरवायला शिकवणाऱ्याचा त्यांच्याशी काय संबंध? आता कायदे आहेत, न्यायालये आहेत, वकिलाती आहेत. आहेत खऱ्या. तरी ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना बिऱ्हाड टाकून परतावे लागले. त्यांत डॉक्टर होते, अभियंते होते, दुकानदार होते. एकानेही तलवार उचलली नव्हती. २०२० मध्ये करोना आला, तेव्हा चीनमधल्या विमान कंपन्यांनी परदेशी वैमानिकांना बिनपगारी रजेवर बसवले. करार मोडण्याची कारणे बदलली, पण आधी कुणाला दार दाखवायचे हा क्रम बदलला नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: एवढी धास्ती असेल तर जाऊच नये. तेही पटत नाही. सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी विमानाविना पडून असताना, इथल्या प्रशिक्षकाला गावाजवळ राहून पोट भर असे सांगणे म्हणजे थट्टा आहे. देश सोडल्याचा ठपकाही पोकळ. घानाला गेलेल्यांनी भारताचे काही कमी केले नाही.

म्हणून हातात करार आलेल्याने पगाराचे पान सर्वांत शेवटी वाचावे. नोटिशीची मुदत दोन्ही पक्षांना सारखी आहे का, वैद्यकीय तपासणीत नापास ठरल्यास पैसे किती महिने मिळतील, परतीचे भाडे कोणाचे, पासपोर्ट कोणाच्या कपाटात, उड्डाणाच्या तासांची नोंद कोण साक्षांकित करून देणार आणि तिथे असताना भारतातला परवाना चालू ठेवायला सुट्टी मिळणार का, हे आधी पाहावे. प्रतिनियुक्ती मिळत असेल तर कमी पगारातही जावे. खासगी करार असेल तर मुदत दोन-तीन वर्षांचीच घ्यावी आणि पैसा महिन्याच्या महिन्याला घरी पाठवावा. वरच्यांपैकी नोटिशीचे आणि परतीचे कलम लिहून द्यायला मालक तयार नसेल, तर पगार कितीही असो, सही करू नये.