रसाहार उपवासाचा इतिहास : ओलाला ते उरुळी कांचन

परदेशी सहलीत आठवडाभर फक्त रसांवर राहण्याची शिबिरे आता आपल्याकडच्या लोकांनाही माहीत झाली आहेत. उल्हासनगरमधून व्यापारानिमित्त बँकॉकला जाणारी मंडळी सोबत सात दिवसांचे ‘ज्यूस फास्टिंग’ही करून येतात. कॅम्प १ मधल्या माझ्या दवाखान्यात प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, तिथे गोळ्या बंद करायला सांगतात, करू का?”

उपवास आपल्याला नवा नाही. सिंधी कुटुंबांत झुलेलालच्या चालिहोचे चाळीस दिवस पाळले जातात, मराठी घरांत एकादशी आणि चातुर्मास असतो. पण हे व्रत आपण घरी, आपल्या माणसांत करतो. पैसे भरून, अनोळखी ठिकाणी, ‘उपचार’ म्हणून केलेला उपवास वेगळा. त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि वरच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच सापडते.

दोन बहिणी आणि एक ‘उपवासतज्ज्ञ’

क्लेअर आणि डोरा विल्यमसन या श्रीमंत इंग्रज बहिणी. प्रवासात असताना त्यांना लिंडा हॅझर्ड या बाईंच्या उपवास-उपचाराची माहिती मिळाली आणि 1911 मध्ये त्या अमेरिकेतील सिअ‍ॅटलला पोहोचल्या. हॅझर्डबाईंकडे वैद्यकीय पदवी नव्हती, पण वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यातील पळवाटेमुळे उपचाराचा परवाना होता. टोमॅटोचे पातळ सूप, अधूनमधून संत्र्याचा रस आणि तासन्‌तास एनिमा, असा तो उपचार होता. पुढे बहिणींना ओलाला या आडगावी हलवण्यात आले. मे 1911 मध्ये क्लेअर गेली. डोराला तिच्या जुन्या दाईने येऊन सोडवले, तेव्हा तिचा अगदी सापळा झाला होता. 1912 मध्ये हॅझर्डबाईंना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी पुन्हा उपवासकेंद्र उभारले आणि 1938 मध्ये स्वतःवर उपवासाचा प्रयोग करतानाच त्यांचा मृत्यू झाला.

त्यांचा आपल्या उपचारावर विश्वास होता असे दिसते. आणि धोका नेमका तिथेच होता : अशक्तपणा वाढला की ‘विष बाहेर पडते आहे’ असा अर्थ लावला जाई. थांबायचे कधी, हे ठरवणारे दुसरे कोणीच नव्हते.

जर्मनीतला नौदलाचा डॉक्टर

ऑटो बुखिंगर हे जर्मन नौदलात डॉक्टर होते. सांधेदुखीने त्यांना नोकरी सोडावी लागली. 1919 मध्ये फ्रायबर्गला त्यांनी देखरेखीखाली उपवास केला, बरे वाटले, आणि 1920 मध्ये स्वतःचे रुग्णालय काढले. त्यांच्या पद्धतीत फळांचा रस, भाज्यांचे पातळ सूप आणि थोडा मध असतो, म्हणजे दिवसाला साधारण 250 कॅलरी. आजची बरीचशी रस-शिबिरे कळत-नकळत हीच पद्धत उचलतात. मात्र तिचा अर्धा भाग मागेच राहतो : आधी तपासणी, काहींना सरळ नकार, रोज डॉक्टरांची फेरी, आणि शेवटी काही दिवस हळूहळू वाढवलेले जेवण.

रस कशासाठी?

निव्वळ पाण्यावर राहिले की मेंदूला साखर पुरवण्यासाठी शरीर स्नायू मोडू लागते. दुसऱ्या महायुद्धात जहाज बुडाल्यावर होडीत अडकणाऱ्या खलाशांसाठी हार्वर्डच्या जेम्स गॅम्बल यांनी प्रयोग केले. दिवसाला 100 ग्रॅम ग्लुकोज दिले तर प्रथिनांची झीज जवळपास निम्म्यावर येते, असे त्यांना दिसले. रसामुळे उपवास सुसह्य होतो तो यामुळे. ‘विष धुऊन निघण्या’शी त्याचा संबंध नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रोजच करतात.

आपल्याकडे : आगाखान पॅलेस आणि उरुळी

गांधीजींनी निसर्गोपचार शिकला तो जर्मन लेखकांकडूनच : लुई कून आणि अ‍ॅडॉल्फ जस्ट. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये 10 फेब्रुवारी 1943 पासून त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला, तेव्हा वय होते 73. पाण्यात लिंबूवर्गीय फळांचा थोडा रस घेण्याची मुभा त्यांनी ठेवली होती. मध्यावर प्रकृती फारच ढासळली, तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस देण्यात आला आणि ते सावरले. जवळ डॉ. सुशीला नय्यर, डॉ. गिल्डर, डॉ. बिधानचंद्र रॉय आणि सरकारी डॉक्टरही होते.

पुढे पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले. पण शहरात गरिबांसाठी असे केंद्र चालवणे चूक आहे, असे त्यांना जाणवले आणि मार्च 1946 मध्ये ते उरुळी कांचनला गेले. तिथला आश्रम मणिभाई देसाईंनी पुढे चालवला, तो आजही आहे. रसाहारासाठी परदेशीच जायला हवे असे नाही!

खरा धोका शेवटी

महायुद्धाच्या अखेरीस फिलिपाइन्समध्ये उपाशी अवस्थेत पकडलेल्या जपानी सैनिकांना पुरेसे अन्न मिळाले आणि त्यांतले काही खाऊ लागल्यावर दगावले. याला आता ‘रिफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. दीर्घ उपाशीपणानंतर एकदम पिष्टमय पदार्थ खाल्ले की इन्शुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. धडधाकट माणसाला सात दिवसांत याचा धोका कमी असतो. आधीच कृश असलेल्याला, नियमित मद्यपान करणाऱ्याला तो जास्त. म्हणून शिबिर संपले की घरी येताच दाल-पकवानवर ताव नको.

गोळ्यांचे काय?

आता मूळ प्रश्न. एकच उत्तर सर्वांना लागू नाही.

- इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू ठेवून जेवण बंद केले तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. उलट, 250 मिली संत्र्याच्या रसात 20 ग्रॅमहून जास्त साखर असते, त्यामुळे औषध बंद केले तर ती चढूही शकते.
- डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेताना उपवास केल्यास रक्तात आम्ल वाढू शकते, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतो. उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणे असली तर थेट रुग्णालय गाठा.
- लघवी वाढवणाऱ्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येऊन पडण्याची भीती असते.
- मूत्रपिंडाच्या रुग्णांनी रसाहार करू नये, रसातले पोटॅशियम त्यांना झेपत नाही. गरोदर स्त्रिया आणि टाइप 1 मधुमेहींनीही करू नये.

म्हणजे गोळ्यांत बदल लागू शकतो, पण तो इथे, जाण्याआधी, तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. पैसे भरण्यापूर्वी शिबिराला तीन गोष्टी विचारा. रात्री डॉक्टर असतो का? आजवर कोणाला प्रवेश नाकारला आहे का? उपवास सोडायला किती दिवस देता? तिसऱ्या प्रश्नाला ‘त्याच दिवशी परतीचे विमान’ असे उत्तर आले, तर ते पैसे घरीच राहू द्या.