आवृत्तिदर्शक क्रियाविशेषणे

क्रिया किती वेळा घडते हे सांगणारे शब्द. मराठी व्याकरणात ते कालवाचक क्रियाविशेषणांत मोडतात. ‘नेहमी’, ‘सतत’ यांना सातत्यदर्शक असे वेगळे नाव आहे. मोजता येणारी आवृत्ती ‘दा’ प्रत्ययाने येते: एकदा, दोनदा, अनेकदा. फारसीतून आलेल्या ‘दर’ने दररोज, दरवर्षी, दरसाल असे शब्द बनतात. उदाहरणार्थ, नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक ‘दरवर्षी’ निघते. मे महिन्यात पारा ‘बरेचदा’ 45 अंशांवर जातो, 47 अंशांपुढे ‘क्वचित’. नागपूरकरांच्या बोलण्यात हिंदीच्या सहवासाने ‘हमेशा’ही सहज येतो.

मराठीची खरी श्रीमंती द्विरुक्तीत आहे: पुन्हापुन्हा, घडोघडी, क्षणोक्षणी. एकट्या ‘कधी’ची रूपे तर पाहण्यासारखी आहेत. ‘कधी येतोस?’ हा प्रश्न, ‘कधीकधी येतो’ ही अनियमित आवृत्ती, ‘कधीमधी’ त्याहून विरळ आणि आवृत्तीच्या अर्थी ‘कधीच’ला नकार लागतो: ‘कधीच येत नाही’. ‘दिवसेंदिवस’ मात्र दिसायला द्विरुक्त असला तरी आवृत्ती नव्हे, क्रमाने होणारी वाढ किंवा घट सांगतो. ‘बहुधा’ने शक्यता कळते, वारंवारता नाही. क्रियापदाचे रूपही आवृत्ती दाखवते: ‘आजी रोज तुळशीला पाणी घालायची’ या वाक्यातून ‘रोज’ काढला तरी सवय उरतेच.