तुमसर रोड : पाटीवर नसलेले गाव

नागपूरहून गोंदियाकडे जाताना भंडारा जिल्ह्यात 'तुमसर रोड' स्थानक लागते. ते आहे मात्र देव्हाडी गावात. तुमसर शहर तिथून काही किलोमीटरवर आहे. 'भंडारा रोड'चेही तसेच, ते स्थानक वरठीत आहे. रेल्वेच्या भाषेत 'रोड' म्हणजे इथे उतरा आणि पुढे सडकेने जा.

१८८० च्या दशकारंभी नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग येथून राजनांदगावपर्यंत गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. पुढे मँगनीजच्या खाणपट्ट्यातून तिरोडीकडे फाटा निघाला आणि देव्हाडीचे जंक्शन झाले.

याच पट्ट्यातली डोंगरी बुजुर्गची खाण प्रसिद्ध आहे. 'बुजुर्ग' म्हणजे थोरली. हा फारसी शब्द महसुली दप्तरातून आला आणि गावाच्या नावातच मुरला. आज तो उच्चारताना कुणाला परका वाटत नाही.

दप्तराने एक शब्द जपला, रेल्वेच्या पाटीने एक गाव वगळले. म्हणून आपल्या वस्त्यांचा इतिहास लिहिताना पाटी वाचून थांबू नये. रूळ कुणाच्या शिवारातून गेले, तेही विचारावे.