साताऱ्याचा शेतकरी लोकसभेत

अंधेरी किंवा बोरिवलीचा रहिवासी आज उत्तरेकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीत बसला, तर थेट डहाणू रोडला उतरू शकतो. चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेला हा गाव एरवी त्याच्या स्मरणात विशेष रहावा असे काही नाही. परंतु १९५५ साली याच डहाणूस हिंदुस्थानभरच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी जमले होते. १९३६ साली लखनौस स्थापन झालेल्या अखिल भारतीय किसान सभेचे ते अधिवेशन होते. दहाच वर्षांपूर्वी, १९४५ साली, ह्याच मुलुखातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मान वर केली होती. त्या भूमीवर भरलेल्या अधिवेशनाने अध्यक्ष म्हणून ज्याची निवड केली, तो पुरुष बंगाल्यातील विद्वान नव्हता, की आंध्रातील बॅरिस्टरही नव्हता. डोक्यास फेटा बांधणारा, वारकरी घरात वाढलेला, वाळवे तालुक्यातील एक शेतकरी तो होता. त्याचे नाव नाना रामचंद्र पाटील. महाराष्ट्र त्यांस क्रांतिसिंह म्हणून ओळखतो.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी झाला. घराण्याचे मूळ उपनाव पिसाळ. परंतु गावची पोलीस पाटीलकी घरात असल्यामुळे 'पाटील' हेच नाव रूढ झाले. गाव येडे मच्छिंद्र. हा गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली त्या जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिण भागास १९६० साली सांगली जिल्हा हे नाव मिळाले. शिक्षण बेताचेच झाल्यावर नानांनी काही काळ तलाठ्याची नोकरी केली. चरित्रकार ह्या नोकरीचा उल्लेख एका वाक्यात उरकतात, पण तिच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. नांगर धरणाऱ्यास जमिनीची एक बाजू दिसते, ती ढेकळांची. तलाठ्याच्या दप्तरात तिची दुसरी बाजू दिसते. शेत कोणाच्या नावे आहे, सारा किती थकला, कोणत्या सावकाराचे नाव सातबाऱ्यावर हळूच चढले, हे सारे तेथे लिहिलेले असते. नानांनी ह्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. पुढे शेतकरी त्यांच्याशी आपल्या गाऱ्हाण्याबद्दल बोलू लागला की त्यांस ते समजावून घ्यावे लागत नसे.

त्या जिल्ह्याची मातीही तयार होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे विचार जलशांच्या द्वारे साताऱ्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचले होते, आणि सावकारीविरुद्धचा रोष तेथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच पेटला होता. ह्या रोषाची गाठ राष्ट्रीय चळवळीशी पडली ती १९३० साली. कायदेभंगाची हाक आली, बिळाशीस जंगल सत्याग्रह झाला, आणि नानांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. त्यानंतरची बारा वर्षे तुरुंग आणि प्रचार ह्यांत गेली. त्यांचे भाषण ऐकावयास गावेच्या गावे लोटत. भाषा घरची होती, दृष्टान्त कीर्तनातले होते आणि विनोद चावडीवरचा होता. पुस्तकी राजकारण ज्यांच्या कानांवरून जात असे, त्यांस हे राजकारण आपले वाटले.

१९४२ चा सप्टेंबर महिना साताऱ्याच्या इतिहासात रक्ताने लिहिला गेला. तासगाव येथे ३ तारखेस निघालेला मोर्चा शांततेत पार पडला. परंतु ९ तारखेस वडूज येथे मामलेदार कचेरीवर गेलेल्या निःशस्त्र जमावावर गोळीबार होऊन माणसे धारातीर्थी पडली, आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरास तेच घडले. ह्या गोळीबारानंतर कार्यकर्त्यांपुढे दोनच वाटा होत्या. तुरुंगात जाऊन बसावे, किंवा भूमिगत होऊन लढावे. त्यांनी दुसरी वाट धरली, आणि तीतून जे उभे राहिले त्यास प्रतिसरकार म्हणतात. बंगाल्यातील तामलुक येथे व संयुक्त प्रांतातील बलियास अशीच सरकारे झाली. बलियाचे काही दिवस टिकले, तामलुकचे १९४४ पर्यंत. साताऱ्याचे प्रतिसरकार १९४६ पर्यंत पुरले.

ते एवढे का टिकले, हा खरा प्रश्न आहे. रेल्वे अडविणे आणि खजिने लुटणे ह्या गोष्टी लोकांच्या तोंडी राहिल्या. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली, आणि एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याकडचा सरकारी खजिना हस्तगत झाला. कुंडलचे जी. डी. बापू लाड ह्यांची तुफान सेना हे ह्या सरकारचे बाहुबल होते. नागनाथ नायकवडी, किसन वीर आदी मंडळींनी आपापले भाग सांभाळले. परंतु केवळ दरोड्यांवर राज्य चालत नाही. प्रतिसरकारची मुळे त्याच्या न्यायदान मंडळांत होती. बांधाचा तंटा, गहाण जमीन, टाकलेली बायको, फसविलेला गडी, असे खटले ज्यांस मामलेदाराच्या कोर्टात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागत, ते गावात बसून, साक्षीपुराव्यासह, बिनखर्चात निकालात निघू लागले. दारूभट्ट्या बंद झाल्या. हुंडा व वाजंत्री ह्यांना फाटा देऊन गांधी-लग्ने लागू लागली. युद्धकाळातील महागाईत धान्याच्या साठेबाजांवर नजर ठेवली गेली.

ह्या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रतिसरकारची शिक्षा कठोर होती. दरोडेखोर, फितूर आणि मुजोर सावकार ह्यांच्या तळपायांवर काठ्यांचा मार बसे. बैलाच्या खुरांस पत्री मारतात, त्यावरून लोकांनी 'प्रतिसरकार' ह्या शब्दाचे 'पत्री सरकार' करून टाकले. कोणी ते नाव भीतीने घेतले, कोणी कौतुकाने. जेथे वकील नाही व अपील नाही, तेथे निरपराधावरही काठी पडण्याचा धोका असतोच. ह्या सत्तेस जी मर्यादा राहिली, ती लेखी कायद्यामुळे राहिली नाही. माणसे त्याच गावात रहात होती, आणि त्यांस उद्या त्याच पाणवठ्यावर तोंड दाखवावयाचे होते, ह्या धाकामुळे ती राहिली.

साडेतीन वर्षांहून अधिक काळ नाना पोलिसांच्या हाती लागले नाहीत. त्याची किंमत घराने मोजली. घर व जमीन सरकारजमा झाली. त्यांच्या कन्या हौसाताई, ज्या स्वतः ह्या लढ्यात होत्या, त्यांनी उतारवयात ते दिवस सांगितले आहेत. भीतीने कोणी काम देत नसे. मामाने दिलेल्या बैलजोडीवर व गाडीवर भाडे मारून घर चालवावे लागे, आणि प्रसंगी उंबराची फळे शिजवून खावी लागत. ज्याच्या शब्दाने शंभरावर गावांचे तंटे मिटत होते, त्याच्या चुलीची ही अवस्था होती. हौसाताई २०२१ साली निवर्तल्या.

१९४६ साली प्रांतिक मंत्रिमंडळ आले आणि नाना प्रकट झाले. येथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा, कमी गाजलेला परंतु अधिक विचार करावयास लावणारा भाग सुरू होतो. स्वराज्य आले, मात्र कुळाची व कर्जबाजारी शेतकऱ्याची स्थिती रातोरात पालटली नाही. काँग्रेसमध्ये राहिले असते तर अधिकारपद दूर नव्हते. ते शेतकरी कामगार पक्षात गेले, आणि तेथून कम्युनिस्ट पक्षात. विठ्ठलाचे नाव घेणाऱ्या घरातील हा मनुष्य लाल निशाणाखाली कसा गेला, ह्याचे पुष्कळांस नवल वाटले. वास्तविक त्यांचा प्रश्न प्रारंभापासून एकच होता, तो जमिनीचा; त्या प्रश्नास जो पक्ष आपला म्हणेल त्याच्याकडे ते वळले. डहाणूच्या अधिवेशनाने त्यांस अध्यक्षपद दिले ते ह्याच वाटेवर.

पुढे संयुक्त महाराष्ट्राचा झगडा पेटला. ह्या झगड्याचे उपनगरांशी नाते निकटचे होते. १९५० साली अंधेरी-घाटकोपरकडील भाग आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंडकडील भाग बृहन्मुंबईत आला. आणि हे वाढते नगर कोणत्या राज्याचे, हाच तर वाद होता. गिरण्यांत व कारखान्यांत राबणारा घाटावरचा माणूस सुटीत साताऱ्यास जाई, आणि येताना तिकडचे राजकारण बरोबर घेऊन येई. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीस भरभरून कौल दिला. नाना उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले, आणि दिल्लीच्या त्या सभागृहात ते मराठीतून बोलले.

त्याच निवडणुकीत त्याच जिल्ह्यात, कऱ्हाडास, दुसरा एक शेतकऱ्याचा मुलगा काँग्रेसतर्फे थोड्या मतांनी विधानसभेवर निवडून आला. देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण हे ते. बेचाळीसच्या लढ्यात दोघेही भूमिगत होते. एकाने सत्तेत शिरून तिच्याकडून काम करून घेण्याचा मार्ग पत्करला. तो द्वैभाषिकाचा मुख्यमंत्री झाला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, आणि १९६२ साली देशाचा संरक्षणमंत्री झाला. दुसरा विरोधी बाकावर राहिला. मंत्रिपद त्यास कधी मिळाले नाही. ह्यांपैकी कोणाचा मार्ग श्रेष्ठ, हा निवाडा सोपा नाही. सहकारी कारखाने आणि पंचायत राज्य हे सत्तेवाचून झाले नसते, हे खरे. परंतु सत्तेबाहेर उभा राहून जमिनीचा हिशेब मागणारा कोणी नसता, तर सत्तेस तो हिशेब किती दिवस आठवला असता, हाही प्रश्न उरतोच.

१९६७ साली नाना पुनः लोकसभेत गेले ते बीडहून. निजामाच्या राज्यात राहिलेला हा जिल्हा त्यांच्या जन्मभूमीपासून फार दूर. नात्यागोत्याचे बळ तेथे नव्हते. तरी मराठवाड्याच्या शेतकऱ्याने त्यांस आपले मानले. ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले आणि अंत्यविधी वाळव्यास झाला. चार वर्षे एका जिल्ह्याचा कारभार ज्यांच्या नावाने चालला, आणि दोनदा ज्यांनी देशाच्या कायदेमंडळात आसन घेतले, त्यांची माती शेवटी त्यांच्याच तालुक्यात मिळाली.

शहरातील सुशिक्षित मनुष्यास शेतकऱ्याचे राजकारण पुष्कळदा मागण्यांची यादी वाटते. नानांचे चरित्र त्या समजुतीस छेद देते. न्याय जवळ असावा, स्वस्त असावा, आणि देणारा ओळखीचा असावा, एवढीच त्या खेड्यांची अपेक्षा होती, आणि ती पुरी होताना दिसली तेव्हा त्यांनी एका साम्राज्याच्या पोलिसांपासून आपली माणसे चार वर्षे लपवून ठेवली. डहाणूच्या गाडीतून जाताना खिडकीबाहेर जी शेते दिसतात, त्यांच्या मालकांची अपेक्षा आजही ह्याहून फारशी निराळी नाही.