देवाची राई

कोल्हापुराहून रत्नागिरीस निघालेला प्रवासी मलकापुरात घटकाभर टेकतो, चहा घेतो आणि आंबा घाटाकडे लागतो. शाहूवाडी तालुक्यातले हे गाव एकेकाळी विशाळगड जहागिरीचे मुख्य ठिकाण होते. १८४४ साली गडकऱ्यांचे बंड मोडल्यावर इंग्रजांनी विशाळगडाचे तट पाडले आणि जहागीरदारांचा मुक्काम मलकापुरास आला. गडांचा इतिहास आपण मुलांना हौसेने सांगतो. त्याच डोंगरांत गावकऱ्यांनी राखलेल्या रानांचा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

मलकापुराहून पश्चिमेस गेले, की घाटमाथ्यावर आंबा गाव लागते. तेथे आंबेश्वराची देवराई आहे. भर दुपारी आत शिरले, तरी सांजवेळ झाल्यासारखे वाटते.

देवराईचा नियम सह्याद्रीत बहुधा सगळीकडे एकच. येथले झाड देवाचे. कुऱ्हाड चालवायची नाही, वाळली काटकीही चुलीसाठी न्यायची नाही. देवळाच्या तुळईला लाकूड हवेच असेल, तर गुरवाकरवी देवाला कौल लावायचा. नियम मोडणाऱ्यास देवाचा कोप आणि गावाचा बोल, दोन्ही सोसावे लागत. याला कोणी भोळेपणा म्हणेल. पण राईतला पाचोळा कुजून झालेली माती पाणी जिरवते, म्हणून तिच्या आसऱ्याचे झरे टिकतात. वैदूची मुळी-साल येथे सापडते, आणि भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी बी येथे शिल्लक राहते.

हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांनी खासी टेकड्यांपासून कोडगूपर्यंत अशी राने असल्याची नोंद १८९७ साली केली. पुढे पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या राया पायाखाली घातल्या आणि १९७६ साली त्यांवर निबंध लिहिला. ही चाल शेतीच्याही आधीची असावी, असे त्यांचे अनुमान.

पूर्वी पुष्कळ राईंत देव म्हणजे झाडाखालचा उघडा पाषाण. आता गावोगाव जीर्णोद्धार होतात. मुंबईला गेलेली मुले श्रद्धेने वर्गणी पाठवतात. सिमेंटचा मंडप उठतो, फरशी बसते, गाडीसाठी रस्ता होतो, आणि त्यापायी झाडे जातात. हेतू कोणाचाच वाईट नसतो. पण देव देवळात गेला, की राई त्याची राहत नाही. आणि त्याची नसली, की तिला राखणारा उरत नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतींना समिती नेमून आपल्या झाडाझुडपांची आणि त्यांविषयीच्या जुन्या माहितीची नोंदवही करण्याचा मार्ग दिला. वही हवीच, पण तिच्यात लिहावयाचे ते अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत गावी गेलात, तर मुलांना देवाच्या पाया पडावयास नेताना राईतही न्या. कोणती वेल कशावर चालते, हे त्यांना आजोबांना विचारू द्या. आणि जीर्णोद्धाराची वर्गणी जरूर द्या. फक्त देताना एवढे विचारा, की मंडपासाठी झाड तर जाणार नाही ना?