हृदय बंद पडल्यावर गुठळी विरघळवणारी औषधे (संयुक्त अरब अमिरातीच्या संदर्भात)

हृदयाचे ठोके थांबलेल्या रुग्णाची छाती दाबणे (सीपीआर) चालू असतानाच शिरेतून दिली जाणारी औषधे. आल्टेप्लेज व टेनेक्टेप्लेज ही त्यांतली मुख्य. रक्तातील प्लास्मिनोजेनचे प्लास्मिन झाले की गुठळीतील फायब्रिनचे धागे तुटू लागतात. ही औषधे तेवढेच घडवून आणतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या, पण हृदय चालू असलेल्या रुग्णालाही ती देतात. तो उपचार वेगळा.

अचानक हृदय बंद पडण्यामागे बहुधा हृदयाच्या धमनीतील किंवा फुप्फुसातील गुठळी असते. म्हणून सरसकट सर्वांना औषध द्यावे, अशी आशा एके काळी होती. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॉइका’ या युरोपीय चाचणीने ती मोडीत काढली. 1,050 रुग्णांच्या या चाचणीत 30 दिवसांनी टेनेक्टेप्लेज मिळालेले 14.7 टक्के रुग्ण जिवंत होते, न मिळालेले 17 टक्के. मेंदूतील रक्तस्राव मात्र 0.4 टक्क्यांऐवजी 2.7 टक्के आढळला.

फुप्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी अडकली असेल तर गोष्ट बदलते. हृदयाचा उजवा कप्पा फुगतो, डाव्या बाजूला रक्त पोचत नाही. ईसीजीवर लय दिसते, पण नाडी लागत नाही. एक पाय सुजलेला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, असा रुग्ण असेल तर संशय बळावतो. एरवी 100 मिलिग्रॅम आल्टेप्लेज दोन तासांत सोडतात. हृदय बंद पडलेले असताना 50 मिलिग्रॅम एकदम टोचतात. त्यानंतर 60 ते 90 मिनिटे छाती दाबत राहण्याचा विचार करावा, असे युरोपीय मार्गदर्शन सांगते. पंधरा मिनिटांत थांबायचे असेल तर औषध देण्यात अर्थ नाही.

आखाती देशांत हृदयविकाराचे रुग्ण पाश्चात्त्यांहून बरेच तरुण असतात. त्यांत परदेशातून आलेले कामगार पुष्कळ. हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या ‘पॅरोस’ या आशियाई नोंदणीत दुबई सहभागी आहे. 2015च्या अहवालानुसार, आसपासच्या माणसांनी सीपीआर दिल्याचे प्रमाण सहभागी ठिकाणी 10.5 ते 40.9 टक्के होते. रुग्णालयातले कोणतेही औषध सीपीआरविना गेलेली सुरुवातीची मिनिटे भरून काढू शकत नाही. 2020च्या कायदेदुरुस्तीने अमिरातीत सद्हेतूने मदत करणाऱ्याला शिक्षेपासून संरक्षण मिळाले आहे. तेथील मराठी कुटुंबांनी सीपीआर शिकून घ्यावा आणि रुग्णवाहिकेचा 998 हा क्रमांक पाठ ठेवावा.