आधीची ॲमेझॉन

ॲमेझॉन म्हटलं की आता दाराशी येणारं खोकंच आठवतं. पण त्याच नावाचं पुस्तकांचं दुकान त्याआधी कितीतरी वर्षं होतं, ठाऊक होतं तुम्हाला?

१९७० साली अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये बायकांनी एका घराच्या पडवीत ते सुरू केलं. बायकांनी लिहिलेली, बायकांबद्दलची पुस्तकं. नाव ग्रीक पुराणातल्या लढवय्या बायकांचं, नदीचं नव्हे! पुढे ते सहकारी तत्त्वावर चालू लागलं. आपल्याकडे सहकार म्हटलं की साखर कारखाना. इथे मात्र गल्ल्यावर बसणारीच मालकीण. अशा दुकानांत नुसती खरेदी नसे. घरी जे बोलायची सोय नाही, ते बोलायची ती जागा.

१९९५ मध्ये ती दुसरी ॲमेझॉन इंटरनेटवर आली आणि तिचे फोन इकडे यायला लागले. १९९९ मध्ये बायकांनी दावा लावला. तर कंपनीच्या वकिलांनी त्यांना जबानीत विचारलं काय, तुम्ही समलिंगी आहात का? ट्रेडमार्कच्या दाव्यात! वाचून माझं तर डोकंच फिरलं.

त्याच वर्षी तडजोड झाली. नावाचे हक्क कंपनीकडे, आणि दुकानाला ते वापरायची परवानगी. २९ वर्षं स्वतःचं असलेलं नाव, आता परवान्यावर. पण त्यांना नावं ठेवणार नाही मी. कोर्टाचा खर्च एवढ्याशा दुकानाला किती दिवस झेपणार?

२००८ मध्ये मालकी बदलली, नाव ‘ट्रू कलर्स’ झालं. २०१२ मध्ये दुकान बंद.

शिकागोतलं १९७९ सालचं ‘विमेन अँड चिल्ड्रन फर्स्ट’ मात्र चालू आहे, क्लार्क स्ट्रीटवर. तिकडच्या मंडळींनो, एकदा जाऊन या. आणि पुस्तक तिथेच घ्या हं, चाळून घरी येऊन मागवू नका.